थकलेल्या सैनिकांनी मत कुणाला दिलं?

अमेरिकेतल्या सगळ्यात कडवट निवडणुकांचा विषय निघाला की लोक १८६० म्हणतात, १९६८ म्हणतात, गेल्या काही वर्षांतल्या तर असतातच, पण माझं मन दरवेळी १८६४ वर जाऊन अडकतं. गुलामीवरून देश दोन तुकड्यांत फाटलेला, उत्तरेकडे युनियन आणि फुटून निघालेल्या दक्षिणेची कॉन्फेडरसी, यादवी युद्धाचं चौथं वर्ष, राजधानीपासून साधारण दोनशे किलोमीटरवर दोन सैन्यं खंदकांत समोरासमोर बसलेली, आणि अशात ८ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान. त्या खंदकात बसलेल्या बऱ्याच जणांनाही मत होतं. लिंकन जिंकला हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण मला आतून हलवते ती गोष्ट वेगळी आहे. लढाई थांबवतो म्हणणारा पक्ष समोर होता, त्या पक्षाचा उमेदवार सैनिकांचा एके काळचा लाडका सेनापती होता, आणि तरी ज्यांना उद्या गोळी लागू शकत होती त्यांनीच युद्ध शेवटपर्यंत नेण्याच्या बाजूने मत दिलं. का दिलं, हे समजून घ्यायचं तर आधी त्या वर्षीचा उन्हाळा बघावा लागतो.

तो उन्हाळा फार वाईट होता. मे महिन्यात युनियनचा सरसेनापती ग्रँट व्हर्जिनियात उतरला, विल्डरनेस, स्पॉट्सिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर अशा एकामागून एक लढाया, आणि जूनच्या मध्यापर्यंत म्हणजे सहाएक आठवड्यांत युनियनची साधारण ५५ हजार माणसं मेलेली, जखमी किंवा बेपत्ता. कोल्ड हार्बरला ३ जूनच्या एका सकाळी हजारो माणसं पडली आणि हाती काहीच लागलं नाही. एवढं होऊन कॉन्फेडरेट राजधानी रिचमंड पडलं नाहीच, सैन्य पीटर्सबर्गपाशी जाऊन अडकलं. तिकडे युनियनचाच जनरल शर्मन अटलांटाच्या बाहेर थांबलेला. जुलैमध्ये तर उलटंच झालं, कॉन्फेडरेट जनरल अर्ली थेट वॉशिंग्टनच्या वेशीवर येऊन धडकला आणि फोर्ट स्टीव्हन्सच्या तटावर उभं राहून लढाई बघणाऱ्या खुद्द लिंकनच्या आसपास गोळ्या उडाल्या. त्याच महिन्यात १८ तारखेला लिंकनने आणखी पाच लाख माणसं मागितली, जी स्वेच्छेने येणार नाहीत ती सप्टेंबरपासून ड्राफ्टने, म्हणजे सक्तीने उचलणार. निवडणुकीला चार महिने राहिले असताना असं पत्रक काढणं म्हणजे काय हे कुठल्याही राजकारण्याला विचारा. पण सैन्याला माणसं हवी होती आणि त्याने ती मागितली.

ड्राफ्टने लोक किती भडकतात हे आदल्या वर्षीच दिसलं होतं. जुलै १८६३ मध्ये न्यूयॉर्क शहरात चार दिवस दंगल झाली, शंभराहून जास्त माणसं मेली. कायदाच असा होता की ३०० डॉलर भरले की सुटका, आणि ३०० डॉलर म्हणजे मजुराची जवळपास वर्षाची कमाई, त्यामुळे श्रीमंतांचं युद्ध आणि गरिबांची मरणं असं लोक म्हणायला लागले, आणि त्या म्हणण्यात तथ्य होतं. पण राग निघाला कुणावर, तर काळ्या माणसांवर. त्यांना रस्त्यात गाठून मारलं, दिव्याच्या खांबांना लटकवलं, कृष्णवर्णीय अनाथ मुलांचं वसतिगृह जाळलं. मुलं मागच्या बाजूने बाहेर काढली म्हणून वाचली. शहर शांत करायला सैन्य आणावं लागलं, त्यात गेटिसबर्गची लढाई नुकतीच लढून आलेल्या तुकड्याही होत्या. या दंगलीबद्दल वाचताना मला दरवेळी तोच प्रश्न पडतो, अन्याय करणारा कायदा एकाचा आणि मार खाणारा भलताच, हे इतकं सहज कसं होतं?

लिंकन रिपब्लिकन पक्षाचा, विरोधी पक्ष डेमोक्रॅटांचा. उत्तरेतच युद्धाच्या विरोधातले डेमोक्रॅट होते, त्यांना विरोधक कॉपरहेड म्हणायचे, विषारी सापाच्या नावावरून. त्यांचा सगळ्यात गाजलेला नेता ओहायोचा क्लेमेंट व्हॅलँडिगम. त्याला मे १८६३ मध्ये एका भाषणासाठी लष्कराने रात्री घराचं दार फोडून अटक केली, लष्करी कोर्टापुढे उभं केलं, आणि लिंकनने मग त्याला तुरुंगात ठेवण्याऐवजी सीमेपार कॉन्फेडरेट मुलखात सोडून दिलं. तो तिथून कॅनडात गेला आणि तिथे बसून ओहायोच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढला, हरला, आणि जून १८६४ मध्ये परत येऊन राजरोस हिंडायला लागला. या वेळी सरकारने त्याला हात लावला नाही. हेबिअस कॉर्पस, म्हणजे अटक का केली हे कोर्टापुढे विचारायचा हक्क, स्थगित होता, हजारो नागरिकांना लष्कराने आत टाकलं होतं, आणि मी लिंकनला कितीही मानत असले तरी भाषणासाठी माणसाला असं उचलणं मला पटत नाही. युद्ध चालू होतं हे कारण खरं आहे, पण हे कारण प्रत्येक सरकारकडे असतं.

वातावरण किती तापलेलं होतं याचं आणखी एक उदाहरण सांगते. १८ मे १८६४ ला न्यूयॉर्कच्या दोन पेपरांत लिंकनचं जाहीर पत्रक छापून आलं की मोहीम फसली आहे, उपवासाचा दिवस पाळा आणि चार लाख माणसांचा ड्राफ्ट होणार. सगळं बनावट. एका पत्रकाराने सोन्याचा भाव उसळला की आपण पैसे करू म्हणून बातमी एजन्सीच्या कागदासारखा कागद बनवून मध्यरात्री पेपरांच्या ऑफिसात पाठवला होता, आणि बहुतेकांनी शंका येऊन तो छापला नाही, या दोघांनी छापला. लिंकनने दोन्ही पेपर बंद करायचा आणि संपादकांना अटक करायचा हुकूम दिला, दोनतीन दिवसांत खरा माणूस सापडला आणि पेपर परत सुरू झाले. त्यातला एक पेपर डेमोक्रॅटांचा, न्यूयॉर्क वर्ल्ड. त्याच पेपरच्या दोन पत्रकारांनी त्याआधी आणखी एक उद्योग केलेला, गोऱ्या-काळ्यांनी आपसात लग्नं करून एक मिश्र वंश घडवावा असं सांगणारी ७२ पानांची निनावी पुस्तिका काढली, जणू काही गुलामीविरोधी रिपब्लिकनांनीच लिहिलीय असं भासवून. ती गुलामीविरोधी पुढाऱ्यांना पाठवून त्यांचे अभिप्राय मागवले आणि मग वर्षभर प्रचारात ओरडायचं की बघा, लिंकनला हेच हवंय. खोटेपणा उघडा पडला तो निवडणूक होऊन गेल्यावर. बनावट मजकूर, वंशाची भीती आणि निवडणूक यांची सांगड इतकी जुनी आहे.

आता ऑगस्ट. या महिन्यासाठी मी ही पोस्ट लिहायला घेतली म्हटलं तरी चालेल. लिंकनच्याच पक्षाच्या प्रचार समितीचा अध्यक्ष हेन्री रेमंड, जो न्यूयॉर्क टाइम्सचा संपादकही होता, त्याने २२ ऑगस्टला लिंकनला पत्र लिहिलं की सगळीकडून बातम्या वाईट आहेत, आत्ता निवडणूक झाली तर आपण हरतो. कारणं त्याने दोन दिली, रणांगणावर यश नाही, आणि लोकांचा समज झालाय की गुलामी सोडायला लावल्याशिवाय हे सरकार शांतता करणारच नाही. म्हणून त्याची सूचना अशी की कॉन्फेडरेट अध्यक्ष जेफरसन डेव्हिसकडे माणूस पाठवा आणि फक्त घटना मान्य करा एवढ्या एका अटीवर शांतता देऊ करा, बाकीचं नंतर बघू. बाकीचं म्हणजे गुलामी. म्हणजे ज्या चाळीसएक लाख माणसांच्या गळ्यातला तो फास होता त्यांचा विषय नंतर.

लिंकनच्या मनात चलबिचल झाली नाही असं नाही. त्याने अशा बोलण्यांसाठीच्या सूचनांचा मसुदाही लिहून बघितला. पण मग रेमंडला बोलावून सांगितलं की असा माणूस पाठवणं हे निवडणूक हरण्यापेक्षाही वाईट होईल. त्याच्या थोडे दिवस आधी, १९ तारखेला, भेटायला आलेल्या दोघा जणांना तो म्हणाला होता की दक्षिणेला खूश करायला पोर्ट हडसन आणि ओलस्टी इथे लढलेल्या काळ्या योद्ध्यांना परत गुलामीत पाठवा असं मला सुचवलं जातंय, आणि मी तसं केलं तर या लोकात आणि परलोकातही मला शाप लागेल. त्याच दिवशी त्याने फ्रेडरिक डग्लसला भेटायला बोलावलं होतं, जो स्वतः गुलामीतून पळालेला आणि लिंकनवर वेळोवेळी सडकून टीका केलेला माणूस. आणि डग्लसला त्याने विचारलं काय, तर मी हरलो तर मार्चमधल्या शपथविधीपर्यंतचा वेळ हातात आहे, तेवढ्यात दक्षिणेत माणसं पाठवून जास्तीत जास्त गुलामांना आपल्या हद्दीत कसं आणता येईल याची योजना कर. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवलं होतं. हरायची तयारी करणारे राजकारणी पुष्कळ असतात, पण हरायच्या आत दुसऱ्यांना सोडवून घ्यायची तयारी करणारा माणूस मी तरी फारसा वाचलेला नाही.

२३ ऑगस्टला त्याने एक कागद लिहिला, घडी घालून चिकटवला आणि मंत्रिमंडळातल्या सगळ्यांना आत काय आहे ते न दाखवता मागच्या बाजूला सह्या करायला सांगितल्या. त्यांनी केल्या. आत लिहिलं होतं की हे सरकार परत निवडून येणार नाही असं खूप दिसतंय, तेव्हा निवडणूक आणि शपथविधी यांच्या मधल्या काळात नव्या अध्यक्षाला साथ देऊन युनियन वाचवणं हे माझं कर्तव्य राहील, कारण तो ज्या मुद्द्यांवर निवडून येईल त्या मुद्द्यांमुळे नंतर त्याला ते वाचवता येणार नाही. आपण हरणार, आणि हरल्यावर सत्ता सोडणार, हे त्याने गृहीतच धरलं होतं. हाताशी लाखोंचं सैन्य असलेल्या माणसाने!

आठवड्याभराने शिकागोत डेमोक्रॅटांचं अधिवेशन भरलं. उमेदवार जॉर्ज मॅक्लेलन, वय ३७, पोटोमॅकचं सैन्य, म्हणजे युनियनचं पूर्वेकडचं मुख्य सैन्य, ज्याने उभं केलं, शिकवलं, आणि १८६२ च्या नोव्हेंबरात लिंकनने काढून टाकला तेव्हा सैनिक ज्याच्यासाठी रडले तो जनरल. पण जाहीरनाम्यातलं युद्धाचं कलम व्हॅलँडिगमच्या हातचं, त्यात लिहिलेलं की चार वर्षं युद्धाचा प्रयोग फसला आहे आणि आता ताबडतोब लढाई थांबवायचे प्रयत्न व्हावेत. उपाध्यक्षपदाचा उमेदवार पेंडल्टनही शांततावाल्यांचाच. मॅक्लेलनने मग ८ सप्टेंबरच्या पत्रात हे कलम झटकून टाकलं, युनियन परत जोडल्याशिवाय शांतता नाही म्हणाला, आणि असंही लिहिलं की इतक्या लढायांतून वाचलेल्या माझ्या सोबत्यांच्या डोळ्यांत बघून तुमचे कष्ट वाया गेले असं मी सांगू शकणार नाही. म्हणजे जाहीरनामा एक आणि उमेदवार दुसरंच, मतदाराने विश्वास कशावर ठेवायचा? मला मॅक्लेलन वाईट माणूस वाटत नाही, पण ज्या पक्षाच्या खांद्यावर बसून तो निघाला होता तो पक्ष त्याला कुठे नेणार हे त्याच्या हातात उरलं नव्हतं.

आणि अधिवेशन संपतं न संपतं तोच अटलांटा पडलं. २ सप्टेंबरला शर्मनचं सैन्य शहरात शिरलं. पुढे शेनान्डोआ खोऱ्यात युनियनच्या जनरल शेरीडनने एकामागून एक तीन लढाया जिंकल्या. डावीकडून लिंकनविरुद्ध उभा राहिलेला फ्रेमाँट २२ सप्टेंबरला माघारी गेला. वारं फिरलं ते असं.

आता सैनिकांच्या मतांकडे येते. उत्तरेतल्या १९ राज्यांनी सैनिकांना छावणीत बसून मत द्यायची सोय केली होती, आणि ही सोय करायची की नाही यावरच राज्याराज्यांत भांडणं झाली होती, कारण हे मत लिंकनकडे झुकेल असा दोन्ही बाजूंचा अंदाज होता. पेनसिल्व्हेनियात त्यासाठी ऑगस्टमध्ये जनमत घेऊन राज्याची घटना बदलली. न्यूयॉर्कचे सैनिक मत पाकिटात बंद करून घरच्या कुणाकडे पाठवायचे, तो ते पेटीत टाकायचा, आणि त्यात बनावट पाकिटं तयार केल्याबद्दल राज्याच्या एजंटांना ऑक्टोबरमध्ये पकडलंही. इंडियानात सोयच नव्हती, तर लिंकनने शर्मनला लिहिलं की तुझ्याकडच्या इंडियानाच्या सैनिकांना राज्याच्या ऑक्टोबरच्या मतदानासाठी घरी सोडता येतील तेवढे सोड. मतदान गुप्त नव्हतं, मतपत्रिका पक्षच छापायचे, कोण कुठली चिठ्ठी टाकतोय हे शेजारच्यालाही दिसायचं आणि वरच्या अधिकाऱ्यालाही. त्यामुळे दबाव नव्हताच असं मी म्हणणार नाही. न्यूयॉर्क शहरात तर मतदानाच्या दिवशी दंगल होऊ नये म्हणून जनरल बटलर काही हजार सैनिक घेऊन बसला होता, आणि ती भीती उगाच नव्हती, कारण मतदानाच्या दिवशीच करायचा ठरलेला जाळपोळीचा बेत कॉन्फेडरेट हेरांनी २५ नोव्हेंबरला केला, शहरातल्या कितीतरी हॉटेलांत आगी लावल्या.

पण एवढं सगळं धरूनसुद्धा आकडा बघा. ज्या राज्यांनी सैनिकांची मतं वेगळी मोजली तिथल्या साधारण दीड लाख मतांतली शंभरात ७८ लिंकनला. एकूण देशात त्याला शंभरात ५५, म्हणजे घरी बसलेल्यांपेक्षा लढणारे त्याच्या बाजूने कितीतरी जास्त. मॅक्लेलनने स्वतः घडवलेल्या पोटोमॅकच्या सैन्यातही बहुमत लिंकनचं. हे निव्वळ दबावाने होत नाही. आणि मला हे जास्त पटतं त्याचं कारण म्हणजे त्याच माणसांनी वर्षाच्या सुरुवातीला काय केलं होतं ते. १८६१ ला तीन वर्षांसाठी भरती झालेल्यांची मुदत १८६४ मध्ये संपत होती, घरी जायचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि तरी सव्वा लाखाहून जास्त जणांनी परत नाव नोंदवलं. ४०० डॉलरचा बोनस आणि ३० दिवसांची रजा हे आमिष होतंच, पण पुढच्या लढायांत काय वाढून ठेवलं असेल याची कल्पना ज्यांना होती त्यांनी केवळ ४०० डॉलरसाठी सही केली असं मला वाटत नाही. जो मेलाय तो शेजारी झोपायचा, एकाच थाळीत जेवायचा. त्याचं मरण फुकट गेलं असं ठरवणाऱ्या कागदावर सही करायला त्यांचा हात धजला नसणार. मॅक्लेलनवर प्रेम असूनही नाही, कारण त्याच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात ते मरण फसलेला प्रयोग होतं.

हा विचार धोक्याचाही आहे हे मला कळतं. मेलेल्यांसाठी आणखी मरा, हे तर्कट पुढे कितीतरी वाईट युद्धांत वापरलं गेलंय. पण १८६४ मध्ये त्या मताच्या पलीकडे गुलामी होती, आणि त्यामुळे मी त्या सैनिकांच्या बाजूने उभी आहे.

निकाल इलेक्टोरल मतांत, म्हणजे राज्यवार मोजल्या जाणाऱ्या मतांत, २१२ विरुद्ध २१, मॅक्लेलनला फक्त न्यू जर्सी, डेलावेअर आणि केंटकी. दिसायला एकतर्फी, पण न्यूयॉर्क राज्य लिंकनने सात हजारांहून कमी मतांनी जिंकलं. दोन दिवसांनी खिडकीखाली जमलेल्या लोकांना तो म्हणाला की निवडणुकांशिवाय लोकांचं राज्य असूच शकत नाही, आणि बंडामुळे आपल्याला निवडणूक रद्द करावी किंवा पुढे ढकलावी लागली असती तर बंडाने आपल्याला आधीच हरवलंय असं म्हणता आलं असतं. गुलामी बंद करणारी १३ वी घटनादुरुस्ती जूनमध्ये प्रतिनिधिगृहात पडली होती, ती ३१ जानेवारी १८६५ ला त्याच जुन्या सभागृहात मंजूर झाली, कारण बऱ्याच जणांना निवडणुकीचा कौल कळला होता. ज्या लोकांच्या त्यागाला जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं, ते हे लोक.

पण मला खुपते ती गोष्ट सांगितल्याशिवाय थांबता येत नाही. युद्ध संपेपर्यंत युनियनच्या सैन्यात साधारण एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक भरती झाले, आणि या निवडणुकीत त्यांच्यातल्या जवळजवळ कुणालाच मत नव्हतं. न्यू इंग्लंडमधली पाच राज्यं सोडली तर काळ्या माणसाला बरोबरीने मत कुठेच नव्हतं, न्यूयॉर्कमध्ये होतं पण २५० डॉलरची मालमत्ता असेल तर, आणि ती अट गोऱ्यांना नव्हती. निवडणूक ज्यांच्या गळ्याशी आली होती त्यांना ती लांबून बघावी लागली. लिंकनने मार्च १८६४ मध्ये लुईझियानाच्या गव्हर्नरला खाजगी पत्रात सुचवलं होतं की निदान काही काळ्यांना, विशेषतः सैन्यात शौर्याने लढलेल्यांना, मत द्या. हेच तो ११ एप्रिल १८६५ ला व्हाइट हाउसच्या खिडकीतून जाहीरपणे बोलला, त्या गर्दीत दक्षिणेच्या बाजूचा नट जॉन विल्क्स बूथ उभा होता, आणि तीन दिवसांनी त्याने लिंकनला गोळी घातली.

त्याच्या जागी आला अँड्र्यू जॉन्सन. जून १८६४ मध्ये बाल्टिमोरच्या अधिवेशनात आधीच्या उपाध्यक्षाला, हॅनिबल हॅम्लिनला बाजूला सारून टेनेसीच्या या डेमोक्रॅटला तिकीट दिलं होतं, सीमेवरची मतं आणि युद्धाच्या बाजूचे डेमोक्रॅट आपल्याकडे यावेत म्हणून. सैनिकांनी लिंकनची चिठ्ठी पेटीत टाकली तेव्हा त्याच चिठ्ठीवर जॉन्सनचंही नाव होतं. फेब्रुवारी १८६६ मध्ये डग्लस काही जणांना घेऊन याच जॉन्सनकडे काळ्यांसाठी मताचा हक्क मागायला गेला आणि जॉन्सनने तो नाकारला. तो हक्क घटनेत यायला १८७० उजाडलं, तोवर जॉन्सन सत्तेवरून गेला होता.